भावाची वार्ता

मुंबईच्या टाउन हॉलसमोर आज जे हॉर्निमन सर्कल आहे, त्या जागी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बॉम्बे ग्रीन नावाचे मोकळे मैदान होते, आणि त्या मैदानालगतच्या वडाखाली १८५५ च्या सुमारास चार गुजराती व एक पारशी असे पाच दलाल नित्य जमून बँकांच्या व कापूस दाबण्याच्या कारखान्यांच्या शेअरांचे सौदे तोंडी करीत, असे शेअर बाजाराच्या पूर्वेतिहासात सांगितले जाते. त्या सौद्यांविषयी लिहिणारे बहुतेक लेखक दलालांच्या संपत्तीकडे, साहसाकडे व दिवाळखोरीकडे वळतात. परंतु त्या बाजारात शेअरांइतकीच मोलाची अशी जी दुसरी वस्तू होती, म्हणजे भावाची वार्ता, ती कोणास केव्हा कळे, ती कोण लिहून ठेवी आणि कोणापर्यंत ती कधीच पोहोचत नसे, हा विषय मात्र बाजूस पडून राहिला आहे. आज सहस्रावधी तरुण सौद्यांचे अनुप्रयोग रचतात आणि बाजारातून अखंड वाहत येणारे भाव क्षणोक्षणी टिपून साठवितात; ते ज्या कामास हात घालतात त्यामागे सुमारे पावणेदोनशे वर्षांची परंपरा उभी आहे, आणि ती परंपरा ठाऊक असल्यावाचून त्या कामाचे मर्म कळत नाही, असे माझे मत आहे.

वडाखाली उच्चारलेला भाव वडाखालीच राहत असे. जो तेथे उभा असेल त्यास तो तत्क्षणी कळे, जो पेढीवर बसला असेल त्यास गुमास्ता येऊन सांगेल तेव्हा, आणि जो पुण्यास किंवा सुरतेस असेल त्यास पत्र येईल तेव्हा. वृत्तपत्रे नव्हती असे नाही. १८२२ साली निघालेला ‘मुंबई समाचार’ आणि १८३८ साली ‘बॉम्बे टाइम्स अँड जर्नल ऑफ कॉमर्स’ या नावाने सुरू झालेले पत्र, ही दोन्ही व्यापारी वर्गाच्या गरजेतूनच जन्मास आली होती व जहाजांची ये-जा आणि मालाची खरेदी-विक्री यांच्या बातम्यांना त्यांत मानाचे स्थान होते. परंतु छापलेला भाव हा गेल्या दिवसाचा भाव असावयाचा, आणि लिव्हरपूलच्या कापसाचा भाव तर सुएझमार्गे येणाऱ्या टपालाने सुमारे महिनाभर शिळा होऊन मुंबईच्या धक्क्यावर उतरत असे.

या विलंबाचे सामर्थ्य किती होते, हे १८६१ ते १८६५ या पाच वर्षांत मुंबईने अनुभवले. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आणि हिंदुस्थानच्या कापसास सोन्याचे मोल येऊन मुंबईत अपरंपार पैसा लोटला. १८६० च्या सुमारास पन्नास-साठ असलेली दलालांची संख्या शेअरांच्या त्या उन्मादात दोन-अडीचशेवर गेली, आणि बॅक बे बुजवून जमीन करण्याच्या योजनेपासून अनेक लहानमोठ्या पेढ्यांपर्यंत वाटेल त्या कंपनीचा शेअर वाटेल त्या भावाने उचलला जाऊ लागला. प्रेमचंद रायचंद हे त्या काळच्या शेअर बाजाराचे अधिराज. विद्यापीठाचा राजाबाई मनोरा त्यांच्याच देणगीतून, त्यांच्या मातेच्या नावाने उभा राहिला. १८६५ च्या वसंतात युद्ध संपल्याची वार्ता आली, कापसाचा भाव ढासळला, आणि ज्या दिवशी मुदतीच्या असंख्य सौद्यांची पूर्तता व्हावयाची होती त्या १ जुलै १८६५ रोजी अर्धे शहर दिवाळखोरीत निघाल्यासारखे झाले. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांपर्यंत चढला होता तो पुढे ८७ रुपयांस विकला गेल्याची नोंद आहे. लोभ हे या अनर्थाचे कारण खरेच, पण मी त्यात दुसरे कारण जोडीन: परदेशचा खरा भाव कळण्यास महिना लागत असल्यामुळे प्रत्येक अफवेस महिन्याचे आयुष्य मिळत असे, आणि तेवढ्या अवधीत तिच्या आधारावर शेकडो सौदे उभे राहत.

तारायंत्राने हा अवधी कापून टाकला. देशातील तारमार्ग १८५५ च्या आरंभी सामान्य जनतेस खुला झाला होता, परंतु विलायतेशी मुंबईचा भरवशाचा संबंध जुळण्यास बराच काळ जावा लागला. तांबड्या समुद्रातील पहिली तार अल्पावधीत निकामी झाली, इराणी आखातातील तार १८६४ मध्ये पडली, आणि १८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजाने मुंबईपासून एडनपर्यंत समुद्राच्या तळाशी तार अंथरली, तेव्हा कोठे लिव्हरपूलचा भाव महिन्याऐवजी काही तासांत कळू लागला. त्याच्या आधीच, १८६६ मध्ये, रॉयटर यांच्या वृत्तसंस्थेने हेन्री कॉलिन्स यांस मुंबईस धाडून आपली कचेरी थाटली होती. भाव हा आता विकत घेण्याचा जिन्नस झाला. ज्याच्याजवळ वर्गणी भरण्याचे सामर्थ्य त्याच्या दिवाणखान्यात तो आधी येई, आणि इतरांच्या कानी तो रस्त्यावरून पडे.

या काळात अमेरिकेत आणखी एक यंत्र निघाले, ज्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे योग्य नव्हे. एडवर्ड कॅलहन याने १८६७ साली न्यूयॉर्कमध्ये टिकर सुरू केले व पुढे एडिसनने त्यात महत्त्वाच्या सुधारणा केल्या. तारेने आलेला प्रत्येक सौदा, म्हणजे कंपनीचे संक्षिप्त नाव, संख्या आणि भाव, हे यंत्र अरुंद कागदी फितीवर क्रमाने छापीत जाई. बाजाराच्या इतिहासात अखंड प्रवाहाची कल्पना प्रथम येथे साकार झाली: कोणी विचारावयास जाण्याची आवश्यकता नाही, सौदा घडला की त्याची नोंद आपणहून दाराशी येणार. पण फितीचा वेग मर्यादित होता. २४ ऑक्टोबर १९२९ रोजी न्यूयॉर्कमध्ये एका दिवसात सुमारे १ कोटी २९ लाख शेअरांची उलाढाल झाली, तेव्हा बाजार दुपारी तीनला बंद होऊनही फीत सायंकाळी सातनंतरपर्यंत छापतच राहिली. मागे पडलेल्या त्या भावांवर देशभरचे लोक विसंबले होते, आणि आपण नेमके किती बुडालो हे न कळल्यामुळे भयभीत होऊन ते आणखी विकीत सुटले. प्रवाह थांबला असता तर निदान तो थांबल्याचे समजले असते. येथे तो चालू होता आणि तरीही असत्य सांगत होता. आजच्या अनुप्रयोगकर्त्याने ही घटना पुनःपुन्हा आठवावी, इतकी ती बोधक आहे.

मुंबईत मात्र भावाचे मुख्य वाहन दीर्घकाळ मनुष्याचा कंठ हेच राहिले. १८७४ च्या सुमारास दलालांना ज्या गल्लीत स्थिर जागा मिळाली तीच पुढे दलाल स्ट्रीट म्हणून प्रसिद्धीस आली. ९ जुलै १८७५ रोजी ‘नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन’ची स्थापना झाली, तेव्हा सभासद ३१८ होते व प्रवेश फी एक रुपया होती. या संस्थेच्या रिंगणातली व्यवस्था मोठी विलक्षण होती. ठराविक शेअरांचा ठराविक कोपरा असे. तेथे तरवणीवाला, म्हणजे स्वतःच्या जोखमीवर खरेदी आणि विक्री असे दोन्ही भाव बोलणारा सभासद, उभा राही. दलाल त्याच्याकडे जाऊन आपण घेणार की विकणार हे न सांगता भाव विचारी, आणि मान हलविताच सौदा पक्का होऊन दोघांच्याही वहीत पेन्सिलीने त्याचे टिपण होई. सौदा पुढच्या वलणावर, म्हणजे पूर्ततेच्या पुढच्या मुदतीवर, ढकलावयाचा असल्यास बदल्याची सोय होती व त्यासाठी पैसा पुरविणारा तो बदलीवाला. दुपारचे दोन-अडीच तास हा कोलाहल चाले. सायंकाळी दोन्ही वह्या ताडून पाहिल्या जात, आणि न जुळणाऱ्या सौद्यांचे ‘वांधे’ परस्पर समजुतीने किंवा संस्थेच्या लवादापुढे सुटत. लक्षावधी रुपयांचे व्यवहार केवळ तोंडच्या शब्दावर पाळणाऱ्या या लोकांविषयी मला खरोखर आदर वाटतो. शब्द मोडणाऱ्यास त्या गल्लीत पुन्हा उभे राहता येत नसे.

परंतु जो आदर दलालांच्या आपसांतील प्रामाणिकपणास द्यावा, तो त्यांच्या ग्राहकांशी असलेल्या व्यवहारास सरसकट देता येत नाही. दिवसअखेर बाजाराच्या दफ्तरातून जे अधिकृत भावपत्रक निघे, त्यात प्रत्येक शेअरचा सुरुवातीचा, सर्वांत चढा, सर्वांत उतरता आणि अखेरचा एवढे चारच भाव असत. कोणत्या क्षणी कोणता सौदा झाला याची नोंद कोठेही राहत नसे. त्यामुळे सांगलीच्या एखाद्या सेवानिवृत्त मामलेदाराने पत्राने शंभर शेअरांची मागणी कळविली, आणि दलालाने ते दिवसाच्या नीचांकास घेऊन उच्चांकाच्या लगतचा भाव बिलात लावला, तर त्या गृहस्थास तक्रारीस जागाच नव्हती, कारण बिलातील भाव भावपत्रकाच्या मर्यादेत बसत असे, आणि दलाली त्या भावातच मिसळलेली असल्याने खरा भाव किती व दलाली किती हेही उमगत नसे. मुफसलातल्या ग्राहकास भाव कळण्याचे मार्ग दोन: दुसऱ्या दिवशीचे वृत्तपत्र, नाहीतर ट्रंक कॉल, आणि साध्या कॉलला तिष्ठत बसण्याऐवजी अर्जंट अथवा लाइटनिंग कॉलचा चढा आकार भरण्याची ऐपत थोड्यांचीच. अहमदाबाद, कलकत्ता, मद्रास येथील बाजार व पुढे १९८२ साली स्थापन झालेला पुण्याचा बाजार धरून, एकाच कंपनीचा शेअर एकाच वेळी निरनिराळ्या शहरांत निरनिराळ्या भावाने विकला जाई, आणि टेलिफोनच्या दोन्ही टोकांस माणसे बसवून त्या अंतरावर उपजीविका करणाऱ्या पेढ्याच होत्या.

मुंबईतील भाववार्तेच्या या कथेत एक खेदजनक उपकथा आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते व बंद होते भाव टेलिप्रिंटरने मुंबईच्या कॉटन एक्स्चेंजमध्ये येत, आणि ज्यांचा कापसाशी सुतराम संबंध नव्हता असे गिरणगावातील लोक त्या भावाच्या आकड्यांवर पैसे लावीत. १९६१ साली न्यूयॉर्कहून ते आकडे येणे बंद पडले, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडा ठरविण्याची युक्ती निघाली व तिचा मटका झाला. भावाची वार्ता मालापासून तुटली म्हणजे तिची काय गती होते, याचे याहून ठसठशीत उदाहरण मला ठाऊक नाही.

रिंगणाची ही राजवट शतकाहून अधिक टिकली. १९५६ च्या कायद्यान्वये १९५७ साली मुंबईच्या बाजारास सरकारी मान्यता मिळाली, १९८० साली फिरोज जीजीभॉय टॉवरची उंच इमारत उभी राहिली, १ जानेवारी १९८६ पासून तीस कंपन्यांचा सेन्सेक्स काढला जाऊ लागला. पण इमारतीच्या पोटातील आरडाओरडा तोच होता. १९९२ च्या रोखे घोटाळ्याने लोकांचा विश्वास मुळापासून हादरला, बाजाराची नियामक संस्था सेबी हिला त्याच वर्षी वैधानिक अधिकार मिळाले, आणि वर्षअखेर राष्ट्रीय शेअर बाजाराची स्थापना झाली. डॉ. आर. एच. पाटील यांच्या नेतृत्वाखाली या नव्या संस्थेने रिंगण बांधलेच नाही. ३ नोव्हेंबर १९९४ रोजी तिने शेअरांचे व्यवहार सुरू केले ते संगणकाच्या पडद्यावर, आणि देशभरच्या पडद्यांना जोडण्यासाठी, टेलिफोनच्या तारांची दुरवस्था पाहून, छपरांवर लहान तबकड्या बसवून उपग्रहाचा मार्ग पत्करला. सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरील उपग्रहापर्यंत जाऊन परत येण्यास संदेशाला सुमारे पाव सेकंद लागतो. पण तो पाव सेकंद नरिमन पॉइंटच्या पेढीस आणि गुवाहाटीच्या पेढीस सारखाच लागतो. वडाच्या झाडापासून चालत आलेली जागेची मक्तेदारी या एका योजनेने मोडली. खरेदीचे व विक्रीचे सर्वोत्तम पाच भाव त्यांच्या संख्येसह कोणाही दलालाच्या पडद्यावर दिसू लागले, प्रत्येक सौद्यास क्रमांक व वेळ मिळाली, आणि सांगलीच्या ग्राहकास आपला सौदा नेमका केव्हा व कोणत्या भावाने झाला हे पडताळून पाहण्याचा अधिकार प्रत्यक्षात आला. वर्ष पुरे होण्याच्या सुमारास नव्या बाजाराची उलाढाल जुन्या बाजाराच्या पुढे गेली. त्याआधीच, १४ मार्च १९९५ रोजी, दलाल स्ट्रीटनेही ‘बोल्ट’ ही संगणकीय यंत्रणा स्वीकारली होती, व काही महिन्यांतच रिंगण शांत झाले. हिंदुस्थानातील आर्थिक सुधारणांत या बदलाइतका सामान्य माणसाच्या बाजूचा बदल दुसरा क्वचितच झाला असेल.

तथापि विलंबाचा प्रश्न संपला नाही. तो सूक्ष्म झाला. २०१० पासून राष्ट्रीय बाजारात दलालांना आपली यंत्रे बाजाराच्या यंत्रांशेजारीच, एका छपराखाली ठेवण्याची मुभा मिळाली, आणि पुन्हा एकदा जवळ असण्यास मोल आले. प्रत्येक मागणीची व सौद्याची बारीकसारीक नोंद देणारा प्रवाह तेथे आरंभी एकेका ग्राहकास क्रमाने पाठविला जाई, त्यामुळे जो आधी जोडला गेला त्यास तो निमिषमात्र आधी मिळे. पुढे सर्वांस एकदम प्रसृत करण्याची मल्टिकास्ट पद्धती आली. एकास आधी व दुसऱ्यास नंतर भाव मिळण्याच्या या प्रकरणी सेबीने ३० एप्रिल २०१९ रोजी राष्ट्रीय बाजाराकडून ६२४ कोटी ८९ लाख रुपयांच्या वसुलीचा हुकूम काढला. अपील न्यायाधिकरणाने २०२३ मध्ये ती वसुली रद्द केली, परंतु दक्षतेत उणीव राहिल्याचे मान्य केले. महिन्याच्या विलंबावर जी भांडणे होत ती आता सेकंदाच्या अंशावर होतात, आणि न्यायाचा प्रश्न मात्र पूर्वीचाच आहे.

आता सामान्य अनुप्रयोगकर्त्याच्या हाती काय येते ते पाहू. दलाली पेढ्या वेबसॉकेटच्या, म्हणजे सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीच्या, मार्गाने भाव पुरवितात, आणि संगणकाशी थोडा परिचय असलेला कोणीही तो प्रवाह आपल्या घरी साठवू शकतो. वीस वर्षांपूर्वी हे स्वप्नातही नव्हते. परंतु हा प्रवाह म्हणजे प्रत्येक सौद्याची नोंद नव्हे. तो बहुधा ठराविक अंतराने घेतलेले बाजाराचे चित्र असतो; दोन चित्रांच्या मधल्या काळात पन्नास सौदे होऊन गेले असतील, त्यांतील शेवटचाच आपल्यास दिसतो. सुदैवाने प्रत्येक चित्रात दिवसभरातील एकूण उलाढालीची संख्या असते, आणि लागोपाठच्या दोन संख्यांची वजाबाकी केली असता मधल्या काळात किती शेअर हातोहात गेले हे कळते. दिवसाचा उच्चांक आपण टिपलेल्या सर्व भावांहून चढा दिसला, तर तो क्षण आपल्या हातून निसटला एवढेही निश्चित होते. बाजाराची स्वतःची प्रसारणे अनुक्रमांक घालून येतात ती याचसाठी, की मधला दुवा तुटल्यास ऐकणाऱ्यास त्याचा पत्ता लागावा.

आपल्या जुन्या पेढ्यांत रोजकीर्द आणि खतावणी या दोन वह्या निरनिराळ्या असत. व्यवहार जसा घडला तसा, घडला त्या क्रमाने कीर्दीत उतरे, आणि तीत खाडाखोड करणे हा गुन्हा मानला जाई. वर्गवारी, बेरजा व ताळेबंद हे सर्व खतावणीत, व ती केव्हाही कीर्दीवरून नव्याने लिहिता येई. आलेला मूळ प्रवाह ही कीर्द आहे. मिनिटामिनिटाचे चढ-उतार दाखविणाऱ्या आकृत्या ही खतावणी होय. अनेक अनुप्रयोगकर्ते केवळ खतावणी ठेवतात आणि कीर्द फेकून देतात, हे मला अत्यंत अनिष्ट वाटते. रिलायन्सने एकास एक बोनस दिला, तेव्हा २८ ऑक्टोबर २०२४ रोजी त्या शेअरचा भाव बाजार उघडताच निम्म्यावर आला. ज्याने जुने भाव मूळ नोंदीतच दुरुस्त करून टाकले त्याच्यापाशी त्याआधीच्या व्यवहाराच्या दिवशी लोकांनी प्रत्यक्ष किती रुपये मोजले याचा पुरावाच उरला नाही. राष्ट्रीय बाजाराच्या रोख विभागात वर्षानुवर्षे बंद भाव म्हणून जो जाहीर होत आला, तो शेवटच्या सौद्याचा भाव नसून शेवटच्या अर्ध्या तासातील सौद्यांची भारित सरासरी असे; हे न जाणता शेवटचा टिपलेला भाव हाच बंद भाव मानल्यास दोन नोंदी कधीच जुळावयाच्या नाहीत.

आणि खंड पडतोच. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी दूरसंचाराच्या दुव्यांतील बिघाडामुळे राष्ट्रीय बाजार सकाळी पावणेबाराच्या सुमारास थांबला, पावणेचारला पुन्हा सुरू झाला आणि त्या दिवसापुरता पाचपर्यंत चालला. साडेतीनला बाजार संपतो असे ज्यांच्या यंत्रणेत कायमचे कोरलेले होते, त्या यंत्रणा पुढील व्यवहारास मुकल्या असणार. लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्ताचे सौदेही नित्याच्या वेळापत्रकास जुमानीत नाहीत. अशा वेळी रिकामी जागा आधीच्या भावाने भरून काढण्याचा मोह अनेकांस होतो. तसे केल्याने आकृती सुबक दिसते, पण बाजार बंद असता तो स्थिर होता अशी खोटी साक्ष कायमची लिहिली जाते, आणि पुढे त्या साक्षीवर विसंबून कोणी आपले पैसे लावतो.

रिंगणाच्या एकशेवीस वर्षांतील क्षणाक्षणाचे भाव आपण कायमचे गमावले. मागे उरली ती भावपत्रके आणि काही वह्या. म्हणून जे कोणी आज हा प्रवाह साठवीत आहेत त्यांना माझी आग्रहाची विनंती आहे: आलेली नोंद आली तशी ठेवा, तिच्याशेजारी बाजाराची वेळ आणि आपल्या यंत्रावर पोहोचल्याची वेळ या दोन्ही लिहा, जेथे खंड पडला तेथे खंड म्हणूनच नमूद करा, आणि दुरुस्त्या कराल त्या दुसऱ्या वहीत करा.